एका कार्डावर तीन नावे, पगार एकीलाच : सातारा जिल्ह्याच्या आठ आमदारांना खुले पत्र

प्रति,
मा. आमदार,
फलटण, वाई, कोरेगाव, माण, कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण व सातारा विधानसभा मतदारसंघ

विषय : अंगणवाडी सेविका, मदतनीस व आशा यांचा मोबदला आरोग्य विभागाच्या वेतनश्रेणीशी जोडण्याबाबत

सन्माननीय आमदार महोदय,

गावात बाई गरोदर राहिली की पहिल्या नोंदणीलाच तिच्या हातात माता-बाल संरक्षण कार्ड पडते. त्या कार्डावर तिघींची नावे लिहायला जागा असते : आशा, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य सेविका, म्हणजे गाव जिला नर्सबाई म्हणते ती. कार्ड सरकारने छापलेले आहे. ही बाई आणि तिचे बाळ या तिघींच्या जबाबदारीवर आहे, असे सरकारनेच लिहून दिलेले आहे. महिन्याच्या ग्राम आरोग्य व पोषण दिनाला तिघी एकाच खोलीत बसतात, आणि ती खोली बहुधा अंगणवाडीचीच असते. आशा दारोदार जाऊन बायका-मुले गोळा करते, सेविका वजन-उंची घेते आणि आहाराचे पाकीट देते, नर्सबाई तपासतात आणि लस टोचतात. एक जण आली नाही तर उरलेल्या दोघींचे काम अडते.

यांतल्या नर्सबाई जिल्हा परिषदेच्या नियमित पदावर असतील तर त्यांना एस-८ वेतनश्रेणी आहे. मूळ वेतन २५,५०० पासून ८१,१०० पर्यंत, त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ. सेविकेला मानधन १३,००० रुपये आणि निकष पूर्ण केले तर जास्तीत जास्त २,००० प्रोत्साहन भत्ता. मदतनीसला ७,५०० आणि जास्तीत जास्त १,०००. आशाला राज्याच्या निधीतून १०,०००, केंद्राकडून ठरावीक कामांचे ३,५००, बाकी सगळे नगावर, म्हणजे पूर्ण झालेल्या एकेका कामामागे.

नर्सबाईंच्या पगाराला आमचा आक्षेप नाही, हे आधीच सांगतो. त्यांनी कोर्स केलेला असतो, सुईची जोखीम त्यांच्या हातात असते, आणि पाच हजार लोकसंख्येचे (डोंगरी भागात तीन हजारांचे) उपकेंद्र त्या सांभाळतात. कंत्राटी नर्सबाईंची अवस्था तर आमच्यासारखीच आहे. त्यांचा पगार कमी करून आम्हाला द्या, असे कोणीच म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की काम मोजायची जी पट्टी त्यांना लावता तीच आम्हाला लावा. तशी लावली तर काय दिसते ते पाहा. राज्य सरकारच्या वेतनश्रेणीतली सगळ्यात खालची पायरी एस-१, शिपायाची. तिचे सुरुवातीचे मूळ वेतन १५,००० आहे. बारावी झालेली, चाळीस मुलांची नोंद ठेवणारी सेविका त्या पायरीच्याही २,००० रुपये खाली आहे. मदतनीस बरोबर निम्म्यावर आहे.

इथवरची वाढही आपोआप झालेली नाही. सेविका ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या, आशा जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्यांदा बसल्या, तेव्हा कुठे आकडे हलले. त्याबद्दल ज्यांनी विधानसभेत आवाज उठवला त्यांचे आभार आहेतच. पण दर वाढीसाठी थंडीत आझाद मैदानावर बसावे लागणे ही काही वेतन ठरवायची रीत नव्हे. नर्सबाईंना महागाई भत्त्यासाठी बसावे लागत नाही.

केंद्राच्या वाट्याची गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते म्हणून इथे लिहितो. सेविकेचे मूळ मानधन केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये ३,००० वरून ४,५०० केले, मदतनीसचे १,५०० वरून २,२५०. त्यातही केंद्र-राज्य वाटणी ६०:४० अशी आहे. म्हणजे सेविकेच्या महिन्याच्या पैशात दिल्लीचे खरे पैसे २,७०० रुपये. २०२५ पर्यंत हा आकडा तिथेच होता. मधल्या सात वर्षांत तेलाचा डबा, गॅसची टाकी आणि दहिवडीहून साताऱ्याचे एसटीचे तिकीट कुठून कुठे गेले ते आपल्याला सांगायला नको.

मानधन कमी का, याला ठरलेले उत्तर मिळते : काम अर्धवेळ आहे आणि ते स्वेच्छेचे आहे. या उत्तराला सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजीच निकाल दिला. मणिबेन भारिया विरुद्ध जिल्हा विकास अधिकारी, दाहोद या खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सेविका-मदतनीसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असे ठरवले, आणि हे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवाद न्या. ओक यांनी स्पष्टपणे नाकारला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने अंगणवाडीवर कायदेशीर जबाबदारी टाकलेली आहे, हेही त्यात सांगितले आहे. कायद्याने टाकलेले काम आणि त्याला मानधन, ही जोडी कुठेच बसत नाही.

तरी आपण एकदा वजन-उंचीच्या दिवशी अंगणवाडीत अर्धा तास थांबावे, अशी विनंती आहे. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे झोपवून इन्फंटोमीटरवर घ्यायची, दोन वर्षांवरच्याची उंची उभे करून स्टॅडिओमीटरवर. आडवे मोजले की तेच मूल सुमारे ०.७ सेंटिमीटर जास्त भरते. वजन-उंचीचा तक्ता अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने पुढे जातो. म्हणजे मोजायची पद्धत चुकली की मूल तक्त्यात एक ओळ सरकते, आणि सीमारेषेवरचे मूल मॅममधून (मध्यम कुपोषित) सॅममध्ये (तीव्र कुपोषित) किंवा सॅममधून बाहेर जाते. बाळ झोपवल्यावर मदतनीस दोन्ही हातांनी डोके फळीला टेकवून धरते, सेविका गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करते आणि सरकती फळी टाचांना लावते. बाळ रडते, पाय आखडते, पुन्हा सरळ करायचा. दोघी नसतील तर ते माप खरे येतच नाही. म्हणून मदतनीस म्हणजे फक्त झाडलोट आणि खिचडी, हा समज चुकीचा आहे.

वजनाचेही तेच. काटा सपाट जागेवर नसेल, शून्य पाहिलेले नसेल, डिसेंबरात स्वेटर-टोपरे न काढता मूल ठेवले, पायात चांदीचे वाळे तसेच राहिले, तर सहा किलोच्या बाळाच्या वजनात दोनशे ग्रॅम सहज चुकतात. त्यानंतर दंडघेर : डावा हात, खांदा आणि कोपर यांचा मध्य, पट्टी घट्टही नको आणि सैलही नको. ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषित, १२.५ पर्यंत मध्यम. एका मुलाला नीट वेळ दिला तर सात-आठ मिनिटे लागतात. चाळीस मुले म्हणजे पाच तास. त्याच महिन्यात रोजची शाळा, गरम आहार, घरभेटी आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची नोंद राहिलेलीच असते. जिल्ह्यात कुपोषित मुले किती, हा आकडा आपण सभागृहात वाचता तेव्हा तो या फळीवरून आलेला असतो. तो आकडा खरा हवा असेल तर तो घेणाऱ्या दोघींना घाईत ठेवून चालणार नाही.

पोषण ट्रॅकरबद्दल थोडे. घरी न्यायच्या आहारासाठी आधी ई-केवायसी, मग दर वेळी चेहऱ्याची ओळख, असा नियम २०२५ पासून आहे. जावळी आणि पाटणमधल्या कितीतरी घरांत आधारला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा असतो आणि नवरा नवी मुंबईच्या मार्केटमध्ये माथाडी असतो. ओटीपी तिकडे जातो, तो माल उतरवत असतो, दहा मिनिटांत ओटीपी बाद होतो. बामणोली-तापोळ्याच्या पलीकडे, शिवसागराच्या, म्हणजे कोयना जलाशयाच्या, कडेच्या वाड्यांत तर रेंजच मिळत नाही. लाभार्थी समोर उभी असते, पाकीट समोर असते, आणि ॲप नाही म्हणते. त्या महिन्याचा आहार वाटपाचा टक्का खाली येतो आणि प्रोत्साहन भत्त्याचा निकष जातो. टॉवर नसल्याचा दंड सेविकेने भरायचा, हा कुठला न्याय? प्रोत्साहन भत्ता ज्या आकड्यांवर ठरतो त्यांतले नेटवर्क आणि ओटीपीमुळे पडलेले आकडे आधी वेगळे काढले पाहिजेत.

आता आशांचे. हे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण इथला अन्याय रकमेपेक्षा रकमेच्या रचनेत आहे.

आशा हजार लोकसंख्येला एक. केंद्राच्या ठरावीक कामांसाठी २०१८ पासून महिना २,००० मिळत होते : आरोग्य व पोषण दिनाला २००, गाव आरोग्य समितीच्या सभेला १५०, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेला १५०, आणि कुटुंबांची यादी, गावाची आरोग्य नोंदवही, लसीकरणाच्या मुलांची यादी, गरोदर मातांची यादी, पात्र जोडप्यांची यादी अशा पाच कामांना प्रत्येकी ३००. २०२५ मध्ये केंद्राने ही रक्कम ३,५०० केली. बाकीचे नगावर. नवजात बाळाच्या सहा घरभेटी : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. सहाही पूर्ण झाल्या तर २५० रुपये. भेटीला साधारण ४२ रुपये पडतात. त्या भेटीत बाळाला झोळीच्या काट्याला अडकवून वजन, काखेत थर्मामीटर, नाळेला पू आहे का, अंगावर पुरळ आहे का, आई नीट पाजते का, आणि श्वास. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचा नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. बाळ हलले किंवा रडले की पुन्हा पहिल्यापासून. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजून खात्री करायची आणि लगेच दवाखान्यात पाठवायचे. बाळाला न्युमोनिया झालाय हे डॉक्टरांना कळते ते हे एक मिनिट कोणीतरी चिकाटीने मोजते म्हणून. कांदाटी खोऱ्यात एका वाडीवरून दुसऱ्या वाडीला चालत जाऊन हे करायचे असेल तर एक भेट म्हणजे अर्धा दिवस. दर मात्र कराड शहरालगतच्या गावातलाच.

आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. हा रिवाज कोण मोडणार? सातव्या महिन्यापर्यंत सासरच्या आशाने नोंदणी केलेली असते, तपासण्यांना नेलेले असते, लोहाच्या गोळ्या घेते का ते पाहिलेले असते. मग मुलगी वडूजला माहेरी जाते. तिथल्या आशाला ती अनोळखी, जुने रक्ताचे रिपोर्ट कार्डावर असतील तेवढेच. प्रसूती, घरभेटी तिकडे. तीन महिन्यांनी बाळ इकडे येते, राहिलेल्या लसी इकडे. दोन्ही आशा फिरतात, फोनवर एकमेकींना विचारून नोंद जुळवतात, पण दावा लावताना अट पूर्ण झाल्याचा पुरावा दोघींकडेही अर्धाच असतो. नगावर पैसे द्यायची पद्धत कारखान्यात बरी, तिथे नग एका जागी असतो. इथे नग म्हणजे माणूस आहे, तो माहेरी जातो, ऊसतोडीला येतो, मुंबईला परत जातो. नोव्हेंबर ते मार्च कराड-फलटणच्या फडांत कोप्या पडल्या की तिथल्या आशांचे आणि सेविकांचे काम वाढते. टोळी एका गावाहून दुसऱ्या गावाला हलली की लसीकरण अर्धवट आणि दावाही अर्धवट.

त्याहून खटकणारी गोष्ट जननी सुरक्षा योजनेची. ग्रामीण भागात आशाला ६०० रुपये : ३०० प्रसूतीपूर्व तपासण्यांचे, ३०० संस्थेत प्रसूती घडवून आणल्याचे. पण महाराष्ट्रात ही योजना दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मातांपुरती आहे. शेजारच्या घरातल्या दुसऱ्या मातेसाठी तेवढेच पाय झिजवले, रात्री दोनला १०८ ला फोन करून गाडीत सोबत गेली, तरी त्या सदराखाली शून्य. योजनेचा लाभ कोणत्या मातेला द्यायचा हा वेगळा विषय आहे. तो नियम आशाच्या मजुरीला का लावायचा? नर्सबाईंचा पगार मातेचे रेशनकार्ड पाहून ठरत नाही.

तिशीवरच्या माणसांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे साखर-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका मोजणारी प्रश्नावली, भरायचे फॉर्ममागे दहा रुपये मिळतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कोणाला साखर-रक्तदाब, असे विचारत गुण मांडायचे आणि चारच्या वर गेले की तपासणीला न्यायचे. माण-खटावमध्ये ज्या घरांत फक्त म्हातारा-म्हातारी उरली आहेत तिथे फॉर्म दहा मिनिटांत कधीच होत नाही. आजीला दिसत नाही, आजोबांची गोळी संपलेली असते, ती आणून द्यावी लागते. आणून दिली तर त्याचा कुठे रकाना नाही.

दावा मंजूर होऊन पैसे हातात कसे येतात, तेही बघा. महिनाअखेरीस आशा मोबदला फॉर्म भरते, आशांच्या कामावर देखरेख करणारी गटप्रवर्तक तपासते, आरोग्य सेविका सही करते, मग वैद्यकीय अधिकारी, मग तालुका, मग बँक. माता-बाल आरोग्य, क्षयरोग, कुष्ठरोग, हिवताप यांचे निधी वेगवेगळ्या शीर्षांखाली येतात, त्यामुळे एका महिन्याचे पैसे चार-पाच तुकड्यांत जमा होतात. पासबुकात फक्त रक्कम दिसते. मे महिन्यातले ७५० कशाचे आणि कोणता दावा का कापला, हे कळायला मार्ग नसतो. अधिकाऱ्याची बदली झाली की सही अडते, बँकेचे विलीनीकरण होऊन आयएफएससी बदलला की रक्कम परत जाते, आणि एका शीर्षाखाली निधी आला नसेल तर तेवढा तुकडा पुढच्या वर्षावर. पगारपत्रक ही साधी वस्तू आहे. शिपायाला ती मिळते.

आपल्याकडून काय हवे ते आता नेमके सांगतो.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात महिला व बाल विकास आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही विभागांच्या मागण्या चर्चेला येतील. सेविका एका विभागाच्या, आशा दुसऱ्या विभागाच्या, आणि दोन्ही विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. तुम्ही आठ जणांनी, पक्ष कोणताही असो, दोन्ही विभागांना मिळून एकच लक्षवेधी द्यावी. मागणी अशी : मदतनीस आणि आशा यांना एस-१ चे किमान मूळ वेतन स्थिर स्वरूपात, सेविकेला लिपिकाच्या एस-६ चे, म्हणजे १९,९००. आशाचा नगावरचा मोबदला त्याच्या वर राहावा, त्याच्या ऐवजी नव्हे. सेविकेला आज निकष पूर्ण करून मिळतात ते १५,००० धरले तर फरक ४,९०० चा आहे.

हे एका अधिवेशनात होणार नाही म्हणाल, तर पहिली पायरी आम्हीच सुचवतो. मानधन महागाई भत्त्याच्या वाढीला बांधा. सरकारी कर्मचाऱ्यांचा भत्ता ३ टक्क्यांनी वाढला की सेविकेच्या १३,००० वर ३९० आणि मदतनीसच्या ७,५०० वर २२५ आपोआप वाढावेत. त्यासाठी नवे पद निर्माण करावे लागत नाही, सेवाप्रवेश नियम बदलावे लागत नाहीत, एक शासन निर्णय पुरतो. एवढे झाले तरी दर दोन वर्षांनी मैदानावर बसणे थांबेल.

ग्रॅच्युइटीचा हिशेबही मागा. कायद्याचे सूत्र सोपे आहे : शेवटचे मासिक वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षे. १३,००० वर हे एका वर्षाला ७,५०० होतात. २५ वर्षे काम केलेल्या सेविकेचे १,८७,५०० बसतात, ७,५०० मानधनाच्या मदतनीसचे सुमारे १ लाख ८ हजार. सध्याच्या योजनेत सेवा संपल्यावर एकरकमी मिळतात ते अनुक्रमे १ लाख आणि ७५ हजार. न्यायालयाने थकलेल्या ग्रॅच्युइटीवर १० टक्के सरळ व्याजही सांगितले आहे. एप्रिल २०२२ नंतर जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत किती जणी निवृत्त झाल्या, किती जणींचा अर्ज घेतला आणि किती जणींना या सूत्राने रक्कम दिली, एवढा तारांकित प्रश्न विचारला तरी कागद हलतील.

जिल्हा पातळीवर करण्यासारखे दोनच सांगतो, कारण त्यांना मुंबईची वाट पाहायला नको. प्रत्येक आशाला दरमहा दावानिहाय छापील पावती, त्यात नाकारलेल्या दाव्यापुढे कारण. आणि माहेर-सासरच्या दोन्ही आशांच्या सहीने चालणारा एक जोडदावा, म्हणजे सातव्या महिन्यापर्यंतचे काम एकीचे आणि पुढचे दुसरीचे असे धरून रक्कम विभागता येईल. फॉर्ममध्ये एक ओळ वाढवावी लागेल.

आपल्या मतदारसंघातल्या कोणत्याही अंगणवाडीत महिन्याच्या वजन-उंचीच्या दिवशी सकाळी दहाला यावे. आधी कळवायची गरज नाही.

आपल्या,
सातारा जिल्ह्यातील अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा व गटप्रवर्तक

सोबत : आशा मोबदला फॉर्मची कोरी प्रत, जोडदाव्याची ओळ कुठे बसेल तिथे पेन्सिलीने खूण केलेली.